परत ठेवायची वाट

“उचलायचं कुणालाही जमतं. परत ठेवायची वाट आधी लिही,” असं मास्तर म्हणाले होते. मी “हो हो, लिहिते” म्हटलं आणि चहा घेणार का विचारलं.

तेव्हा मला ते म्हाताऱ्या माणसाचं पालुपद वाटलं होतं. मास्तर म्हणजे आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने प्रोग्रॅमर. कुठलंही नवं काम आलं की त्यांच्याकडे त्यावर एक वाक्य तयार असायचं, आणि ते वाक्य झालं की आम्ही बाकीच्या जणी खुर्च्या फिरवून एकमेकींकडे बघायचो.

हे मी आपल्या पाळणाघराच्या पालकांच्या गटावर टाकणार आहे. लांबलचक होईल, तेव्हा आधीच माफी मागते. लिहायलाही वेळ लागतोय, कारण माझा एकच हात मोकळा आहे. तुम्हाला त्याचं नवल वाटू नये. गेली दोन-तीन वर्षं आपण सगळेच एका हाताने जेवतो आणि कोपराने दार उघडतो. आत्ता दीड वाजलाय. तीनपर्यंत मला जागेवरून उठता यायचं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

मी ठमीची आई. ठमी म्हणजे लाल बुटांतली, सव्वादोन वर्षांची, जी निघताना सगळ्यांच्या बाबांना टाटा करते ती. पाळणाघरात दारापाशी टेबलावर जो मोठा स्क्रीन ठेवलाय, त्याच्यातला प्रोग्रॅम माझा आहे. तुम्ही तो रोज बघता. दार, खेळघर, जेवण, झोप आणि घरी अशा पाच चौकटी. प्रत्येक मुलाचं एक कार्ड, त्यावर फोटो, नाव आणि नंबर. मूल खेळघरातून जेवायला गेलं की मावशी त्याच्या कार्डावर माऊसचं बटण दाबते, दाबूनच कार्ड ओढत ‘जेवण’च्या चौकटीत नेते आणि बटण सोडते. आमच्या धंद्यात याला ड्रॅग अँड ड्रॉप म्हणतात. मास्तर ‘उचल-ठेव’ म्हणायचे, मग आम्हीही तेच म्हणायला लागलो.

दिसायला पोरखेळ आहे. लिहायला बसलं की कळतं. मुळात स्क्रीनवर उचलण्यासारखं काही नसतंच. बोट दाबलेलं आहे का, हे प्रोग्रॅमला सतत विचारत राहावं लागतं. माऊसचा बाण स्क्रीनवर निदान चार ठिपके सरकला का, की नुसताच हात थरथरला? बाणाखाली आत्ता जी चौकट आहे, तिला हे मूल हवंय का? नको असेल तर बाणाशेजारी आडव्या रेघेचा एक गोल दिसतो, ती ‘नको’ची खूण. घेणार असेल तर खूण जाते. कार्ड उचललं की मूळ जागी ते फिकट होतं आणि तसलीच एक फिकट सावली बाणाला चिकटून येते. बोट खाली आहे तोवर ते कार्ड धड इथलं नाही, धड तिथलं नाही. ते फक्त हातात असतं.

आता ‘नको’ असलेल्या जागी कुणी बोट उचललं, तर कार्डाने मुकाट आपल्या जुन्या जागी परत गेलं पाहिजे. मास्तर ज्या वाटेबद्दल बोलत होते ती ही. ती मी लिहिली नाही. त्या जागी ‘नंतर’ एवढा एक शब्द टाकून पुढे गेले. आमच्याकडे ‘नंतर’ म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक असतं.

परिणाम असा, की ‘नको’च्या जागी कार्ड सुटलं तर जुनी चौकट म्हणते मी दिलं, आणि नवीन म्हणते मी घेतलं नाही. तपासणीसाठी आम्ही वीस खोटी मुलं केली होती, त्यांतली तीन अशी गेली. यादीत नाहीत, कुठल्याच चौकटीत नाहीत. मी हसून म्हटलंसुद्धा, “सात नंबर पळाला!”

मास्तर हसले नाहीत. तेव्हाच त्यांनी ते वाक्य म्हटलं. उजवा हात नेहमीसारखा पँटच्या खिशात. ते माऊस डाव्या हाताने चालवायचे, सहीसुद्धा डाव्या हाताने करायचे. डावखुरे असतील, किंवा संधिवात असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. खिशात हात घालून बोलणारा माणूस आढ्यतेखोर वाटतो, तसे ते नव्या मुलींना वाटायचे.

ठमीला पाळणाघरात घातलं तेव्हा ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती माझं बोट सोडून सरळ त्या निळ्या घसरगुंडीकडे गेली, आणि मी बाहेर पायरीवर बसून बुटाची नाडी बांधायचं नाटक केलं. नऊ ते सहा. नवऱ्याची नोकरी तीन तासांच्या अंतरावर, पाळीची. तो शनिवारी येतो. माझी आई असती तर प्रश्न नव्हता. आईला जाऊन चौदा महिने झाले.

आता एक कबुली. तपासणीला मी खोटी मुलंच वापरायला हवी होती. मी एक ओळ बदलली आणि माझ्याकडच्या प्रोग्रॅमला पाळणाघराची खरी यादी जोडली. म्हणजे मावशीने तिकडे कार्ड हलवलं की इकडे माझ्या स्क्रीनवर हलायचं. तुमच्या मुलांचीही कार्डं मला दिसत होती. त्यांना मी कधी हात लावला नाही, शपथ. मला फक्त एकच कार्ड बघायचं होतं. दहा वाजून दहा मिनिटं, खेळघर. बारा, जेवण. एक, झोप. एकदा बारा चाळीसलाच ‘झोप’मध्ये गेलं, तर मी फोन करून ताप आहे का विचारलं.

“तू आई आहेस की टेहळणी बुरूज?” नवरा म्हणाला.

“बुरुजाला कुणी विचारत नाही, जेवलीस का म्हणून,” मी म्हटलं.

“जेवलीस का?”

“ठमी जेवली. बारा वाजता.”

पहिल्यांदा मी तिचं कार्ड उचललं तो मंगळवार होता. तीन आठवडे झाले. दुपारचा दीडचा सुमार, ऑफिसात सगळे जेवून सुस्तावलेले. मी बाण तिच्या फोटोवर नेला आणि दाबला. सावली आली. ती मी कुठेच ठेवली नाही. नुसतीच ओढत ओढत चौकटीच्या कडेपर्यंत, माझ्या बाजूला आणली आणि धरून बसले. का, ते सांगता येणार नाही. मागे राहिलेला सदरा आपण उगाच हातात घेऊन बसतो ना, तसं.

आधी मांडीवर ऊब आली. खिडकीचे पडदे बंद होते, ऊन यायचा प्रश्न नव्हता. मग वास आला. मेणाच्या खडूंचा, साबणाचा, आणि त्याखाली झोपलेल्या मुलाच्या उघड्या तोंडाला येतो तो दुधाचा आंबूस वास. मी श्वास रोखून बसले. दोनेक मिनिटांनी शेजारणीची खुर्ची करकरली, मी दचकले, आणि सावली घाईघाईने ‘झोप’मध्ये नेऊन सोडली.

उठले तेव्हा डाव्या खांद्यावर नाण्याएवढा ओला डाग होता. तिची लाळ नेहमी तिथेच गळते. पाणी पिताना सांडलं असेल, असं मी ठरवलं.

संध्याकाळी मावशी म्हणाली, “आज झोपेत किती हलकी लागत होती हो! कुशीवर वळवायला हात घातला, तर नुसतं पांघरूणच हातात आल्यासारखं.”

“जेवली नव्हती का नीट?”

“जेवली की! माझाही घास मागितला.”

घरी येताना ठमी कडेवरून म्हणाली, “आई, तू मला घेतलं.”

“आत्ता घेतलंय ना.”

“नाही. गाई करताना घेतलं. मग ठेवलं.” आणि थोडं थांबून, तक्रारीच्या सुरात, “हळू ठेव ना. धप्पकन नको.”

मी विज्ञानाची पदवीधर आहे. दोन वर्षांच्या मुलाच्या बोलण्यावर इमले बांधू नयेत, हे मला कळतं. म्हणून मी वहीत टिपणं ठेवली. बुधवारी कार्ड उचललं नाही, ठमी काही बोलली नाही. गुरुवारी चार मिनिटं उचललं, संध्याकाळी “आई, घेतलं.” शुक्रवारी नाही. सोमवारी सहा मिनिटं, “घेतलं.” एवढं पुरे होतं. शहाणी बाई असते तर तिथेच थांबले असते, यादी तोडली असती.

मी हळू ठेवायला शिकले. झोपलेल्या मुलाच्या मानेखालून हात कसा काढतो आपण? आधी बोटं, मग तळवा, मग मनगट. तसं सावली तिच्या फिकट कार्डावर बरोब्बर आणायची, क्षणभर तिथेच राहायचं आणि बोट अगदी सावकाश वर घ्यायचं. त्यानंतर ‘धप्प’ची तक्रार आली नाही. रोज दुपारी दहा मिनिटं. ऑफिसात मी जरा माणसात आले असं सगळ्या म्हणायला लागल्या.

पण मागच्या आठवड्यात अंघोळ घालताना ती म्हणाली, “आई, तुझा हात गार का?”

माझे हात कायम गरम असतात. उन्हाळ्यात नवरा लांब सरक म्हणतो. मी ते पाण्यात बुडवून तिच्या गालाला लावले. “हे गार आहेत?”

“हे नाही. गाई करताना. इथे.” तिने हात उचलून मानेमागे, केसांखाली ठेवला.

मावशीचा हात असेल. मावशी भांडी विसळते, थंड पाण्यात हात असतात. मी तसं धरून चालले.

परवा पाळणाघराच्या ताईंचा फोन आला. “अहो, तुमच्या प्रोग्रॅममध्ये गडबड आहे. झोपेच्या चौकटीत ठमी दोन-दोन दिसतेय.”

मागून मावशीचं हसणं ऐकू आलं. “विचारा हो त्यांना, कुठली उठवू?”

मी इकडे उघडून बघितलं. खरंच, एकाच नंबरची दोन कार्डं शेजारी शेजारी. फोटो एकच, त्यामुळे दोघी अगदी सारख्या बघत होत्या. मी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग एक गेलं, आपोआप. असं होतं कधीकधी, स्क्रीनवर नवं चित्र काढलं जाताना जुनं मागे राहतं. मी ताईंना तेच सांगितलं.

आज मी घरून काम करतेय. सकाळी पहिलं काम ते केलं. एक नियम घातला, की जे मूल चौकटीत आधीच आहे, ते ती चौकट दुसऱ्यांदा घेणार नाही. एका ओळीचं काम. चालवून बघितलं, ताईंच्या मशीनवर पाठवलं, आणि स्वतःवरच खूश होऊन डबाभर बिस्किटं खाल्ली.

एक वाजून दहा मिनिटांनी मी ठमीचं कार्ड उचललं. ऊब आली. वास आला. आज वजनही आलं, पहिल्यांदाच. तेरा किलोतलं निदान अर्धं तरी. डोकं माझ्या डाव्या दंडावर. दिसत काहीच नव्हतं, पण दंडावरची बाही दबली होती, ते दिसत होतं.

एक वीसला मी तिला परत ठेवायला गेले. सावली ‘झोप’वर नेली. बाणाशेजारी ‘नको’.

मला वाटलं बाण नीट बसला नाही. पुन्हा नेली. ‘नको’.

मग लक्षात आलं. ती माझीच सकाळची ओळ होती. उचललेलं कार्ड मूळ जागी फिकट होऊन बसलेलंच असतं. चौकट म्हणत होती, ठमी माझ्याकडे आहे, दुसरी घेणार नाही. बाकीच्या चौकटी एक ते तीन बंद असतात. झोपेच्या वेळेत चुकून कुणाचं कार्ड हलू नये म्हणून ताईंनीच तसं करून मागितलं होतं. म्हणजे तीनपर्यंत माझ्या स्क्रीनवर ठमीला घेणारी एकही जागा नाही, आणि ‘नको’वर सोडलं तर काय होतं, ते सात नंबरला विचारा.

डाव्या हाताने मी रद्द करायचं बटण दाबलं. काही झालं नाही. कसं होईल? तेही ‘नंतर’मध्येच आहे. प्रोग्रॅम बंद कर, असं तुम्ही म्हणाल. खोट्या मुलांच्या वेळी एकदा वीज गेली होती, कार्ड हातात असताना. उघडल्यावर ते मूल नव्हतं. आणि आत्ता दुरुस्ती लिहिली तरी ती प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय लागू होत नाही.

म्हणून माझा एकच हात मोकळा आहे. उजव्या हाताची तर्जनी या बटणावर आहे, आणि मी ती उचललेली नाही.

पावणेदोनला पाळणाघरात फोन केला.

“झोपलीय हो गाढ,” मावशी कुजबुजली.

“हात लावून बघता का जरा?”

“अहो, उठेल! ती उठली की बाकीच्या अकरांची वरात निघेल.”

“तरी बघा. माझ्यासाठी.”

चपला वाजत गेल्या आणि वाजत आल्या. झोपेच्या खोलीचं दार करकरतं, तुम्हाला माहीत आहे. ते करकरलं नाही.

“आहे हो. आहे पांघरुणात. तुम्ही पण ना!”

मग मास्तरांना फोन केला. ते दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले.

“मास्तर, एक कार्ड हातात राहिलंय.”

“कुणाचं?” ते म्हणाले. कसं काय, कुठल्या प्रोग्रॅममध्ये, यातलं काही त्यांनी विचारलं नाही.

“माझ्या मुलीचं.”

“बोट खाली आहे?”

“हो.”

“मग तसंच राहू दे.”

“मास्तर, तुमच्या हातात काय राहिलं होतं?”

त्यांच्या घरात नळ गळत होता, तो मला स्पष्ट ऐकू येत होता. “एकोणीस वर्षं झाली,” ते म्हणाले. “मी सोडलेलं नाही अजून.” आणि फोन ठेवला.

सव्वादोन. मनगट भरून आलंय. आणखी एक गोष्ट लिहायची की नाही, याचा मी मघापासून विचार करतेय. लिहितेच.

दोनच्या सुमाराला हात सैल पडला आणि बाण घसरत प्रोग्रॅमच्या खिडकीबाहेर गेला, स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडे. तिथे काही नाही. नुसता निळा रंग. खिडकीबाहेर सगळीकडे ‘नको’च दिसायला हवं, आणि दिसत होतं. कोपऱ्यात गेल्यावर मात्र ती खूण गेली.

तिथे घेणारं मी काही लिहिलेलं नाही. दुसऱ्या कुणी लिहिलेलं असण्याचंही कारण नाही. तरी कुणीतरी घेतो म्हणत होतं.

आणि मांडीवरचं ओझं हलकं झालं. नाहीसं झालं नाही. झोपलेलं मूल आपण दुसऱ्याच्या हातात देतो, तेव्हा एक क्षण असा असतो की आपण सोडलेलं नसतं आणि त्याने धरलेलं असतं. वजन दोघांत असतं. आधी मानेखाली एक हात येतो, मग गुडघ्यांखाली दुसरा, आणि मग ते माणूस मान हलवतं, आलं माझ्याकडे, सोड. अगदी तसं.

असं घ्यायची पद्धत माझ्या आईची. आधी मान. बाळंतपणानंतर मी पेंगायला लागले की ती पलंगाच्या उजव्या अंगाला यायची आणि काही न बोलता असंच काढून घ्यायची ठमीला. मी किती दिवस तशी झोपलेली नाही.

मी बाण लगेच मागे ओढला नाही. खोटं कशाला सांगू? तीन श्वास मी तिथे राहिले. “आई?” असंही म्हणून बघितलं.

फक्त पलीकडून किंचित ओढ वाढली. आणि माझ्या दंडाला, ठमीच्या मानेखाली, काहीतरी चाटून गेलं.

आईचे हात गरम असायचे. माझ्यासारखेच.

हे गार होते.

मी बाण परत खिडकीत आणला. वजन परत आलं. तेव्हापासून मी कोपऱ्याकडे बघत नाही.

पावणेतीन. तीन वाजता बाकीच्या चौकटी उघडतील. ठमीला खेळघरात ठेवेन, आणि मग अशीच धावत येईन, घरच्या चपलांवर.

तीन.

खेळघर उघडलं. मावशीने मुलांना उठवायला सुरुवात केली असणार, कारण एकेक कार्ड ‘झोप’मधून ‘खेळघर’मध्ये सरकायला लागलं. डेंटिस्टबाईंचा. जुळ्या. शिवणवाल्या काकांची नात. मी सावली खेळघराकडे नेत होते. चार बोटांचं अंतर राहिलं होतं.

तेवढ्यात ठमीचं कार्ड सरकलं.

माझ्या हातातलं नाही. ‘झोप’मध्ये फिकट झालेलं होतं, ते. फोटो भरून आला, नेहमीसारखा ठळक झाला, आणि ते सरळ ‘खेळघर’मध्ये जाऊन बसलं.

मावशीला फोन लावला.

“उठली की! आज तर सगळ्यांच्या आधी उठून बसली होती. एकदम शहाणी. तोंडातून अक्षर नाही.”

“तिचे हात बघा. गार आहेत का?”

“गारच असणार. आत्ताच सगळ्यांचे हात धुतले.” मागे कुणीतरी पडलं, रडारड सुरू झाली. “ठेवते हो, जुळ्या भांडतायत.”

त्यानंतर फोन कुणी उचलत नाहीये. ताई सुट्टीवर आहेत. नवरा पाळीवर आहे, त्याचा फोन कपाटात असतो.

मांडीवर वजन आहे. तिने आत्ता कूस बदलली, डोकं दंडावरून मांडीवर आलं.

‘झोप’ची चौकट आता रिकामी आहे. सावली तिथे नेली तर ‘नको’ दिसत नाही. परत ठेवायची वाट उघडली आहे, मला फक्त बोट उचलायचं आहे. पण माझ्या प्रोग्रॅममध्ये एका नंबरचं मूल एकाच चौकटीत राहू शकतं. नव्या जागी ठेवलं की त्या नंबरचं जिथे कुठे असेल, तिथून पुसलं जातं. ती ओळ मी ‘नंतर’वर टाकली नव्हती. चाळीस वेळा तपासलीय. एकदाही चुकलेली नाही.

खेळघरात जी बसली आहे ती ठमी असेल, तर मी बोट उचलता कामा नये. नसेल, तर ताबडतोब उचललं पाहिजे. इथून मला ते कळायचा मार्ग नाही.

तुमच्यापैकी कुणीतरी पाळणाघराच्या जवळ असेल. कृपा करून जा. खिडकीतून बघू नका, मावशीला विचारू नका. आत जा. लाल बूट. तिला नावाने हाक मारून भागायचं नाही. जवळ बसा, आणि तिच्या मानेमागे, केसांखाली हात घालून बघा. हात धुतात, तोंड धुतात, ती जागा कुणी धूत नाही. झोपून उठलेल्या मुलाची मान गरम असते, घामाने ओली असते. नसेल तर कळवा. असेल तरी कळवा. मी इथेच आहे.

कारण मी आत्ता डावा हात मांडीवर, जिथे तिची मान असायला हवी तिथे, हवेत घालून बघितला. बोटं ओली झाली.